मदत हवी आहे: मतं कमी, तरी लिंकनचे इलेक्टर जास्त कसे?

निळी_शाई:
अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा एका राज्याचा तक्ता पाहतेय. त्यात लिंकनला ५८,३४६ मतं आहेत, त्याचा प्रतिस्पर्धी डग्लसला ६२,८६९. तरी इलेक्टर (राज्यातून निवडून येऊन अध्यक्षासाठी मत देणारे प्रतिनिधी) लिंकनचे ४ आणि डग्लसचे ३! दुसरीकडे पाहिलं तर तिथेही हेच. दिवाळी अंकाचा लेख यावर अडलाय, संपादकांना उद्या सकाळी हवाय. कुणी नीट सांगेल का? नुसत्या लिंका देऊ नका प्लीज.

गावकरी:
कुठलं राज्य? कुठलं वर्ष? लिंकन दोनदा उभा होता.

वाटसरू:
यात नवल काय? १८७६ साली टिल्डनला देशभरात अडीच लाख मतं जास्त होती, पण अध्यक्ष झाले हेज. १८५ विरुद्ध १८४, एका इलेक्टरने. ही पद्धतच मोडीत काढायला हवी, मी कधीपासून म्हणतोय.

गावकरी:
वाटसरू, ते देशाचं झालं. इथे एकाच राज्यात ४-३ झालंय. राज्यात जो पुढे त्याचे सगळे इलेक्टर, असंच असतं ना? मग वाटणी झालीच कशी, हा प्रश्न आहे. ताई, राज्य सांगा.

निळी_शाई:
न्यू जर्सी, १८६०. अंकच तिथल्या एडिसन गावच्या मराठी मंडळाचा आहे.

अर्धविराम:
मग इलेक्टर फुटले असणार. निवडून एकाकडून यायचं आणि मत दुसऱ्याला द्यायचं. सोपं आहे.

सह्यकडा:
अर्धविराम, कुणीही फुटलं नाही. ताई, ते ६२,८६९ एकट्या डग्लसचे नाहीत, तक्त्याने त्याच्या नावावर टाकलेत. लिंकनला अडवायला तिथे डग्लस, बेल आणि ब्रेकिनरिज या तिन्ही विरोधी उमेदवारांच्या लोकांनी एकच यादी केली होती: डग्लसचे ३ इलेक्टर, बेलचे २, ब्रेकिनरिजचे २. पण डग्लसच्या कट्टर समर्थकांना ब्रेकिनरिजची माणसं नको होती. त्यांनी स्वतःची वेगळी यादी काढली, त्यात संयुक्त यादीतले डग्लसचे तिघे ठेवले आणि बाकी चौघे बदलले. त्या तिघांना दोन्हीकडची मतं मिळाली, ते आले. उरलेले चौघे लिंकनच्या इलेक्टरांपेक्षा मागे पडले.

अर्धविराम:
पण मतदार मत लिंकनला देणार की डग्लसला. इलेक्टर एकेक करून कसे निवडणार? पटत नाही.

सह्यकडा:
तेव्हा सरकारी मतपत्रिका नव्हत्या, त्या १८८८ नंतर रुळल्या. पक्ष आपापली चिठ्ठी छापून वाटायचे, तिच्यावर इलेक्टरांची नावं असायची. एखादं नको असेल तर मतदार पेन्सिलने खोडायचा. मोजणी प्रत्येक नावाची वेगळी.

गावकरी:
म्हणजे आपल्या साखर कारखान्याच्या निवडणुकीसारखं! गटात जागा तितकी मतं, पॅनेल टू पॅनेल मारा म्हणून सांगायचं, आणि क्रॉस व्होटिंग झालं की पॅनेलमधले दोघे-तिघे येतात, बाकीचे पडतात.

अर्धविराम:
महापालिकेच्या प्रभागात चार मतं असतात, तिथे असं कुठे होतं?

गावकरी:
तिथे अ, ब, क, ड प्रत्येक जागेची लढत वेगळी. इथे सगळी नावं एकाच रांगेत, वरचे सात आले.

माजघर:
१८६४ मध्ये तर लिंकन न्यू जर्सी चक्क हरला. त्याच्याविरुद्ध उभ्या मॅक्लेलनने जिंकलेल्या तीन राज्यांत हे एक, बाकीची केंटकी आणि डेलावेअर. पुढे हाच मॅक्लेलन तिथला गव्हर्नर झाला. लेख त्यावरच करा, जास्त रंगेल.

निळी_शाई:
माजघर, विषय १८६० चाच आहे, पानं लागलीत. सह्यकडा, हे चालेल का: "लिंकन न्यू जर्सीत हरूनही जिंकला"?

सह्यकडा:
नको. सातपैकी लिंकनचे चार आले, तीन पडले. समोरचे तीन आले, चार पडले. एवढंच लिहा. आणि तक्त्यात ६२,८६९ पुढे "संयुक्त यादी" घाला. पुस्तकांत हे आकडे थोडे इकडे-तिकडे दिसतील, कारण प्रत्येक इलेक्टरची मतं वेगळी आणि कुणी कुठला इलेक्टर धरतो, कुणी कुठला.

वाटसरू:
पण डग्लसचं काय झालं तेही लिहा की. देशभरात मतांत दुसरा, आणि इलेक्टर फक्त १२. मिसुरीचे ९ आणि हे ३. ब्रेकिनरिजला मतं कमी, पण इलेक्टर ७२!

निळी_शाई:
हे घेते. लिंकनचे एकूण १८० ना?

गावकरी:
हो, १८०. बहुमताला १५२ लागत होते. न्यू जर्सीचे सातही गेले असते तरी तोच अध्यक्ष होता.