अंगावर धावून येणारा टायटन ट्रिगरफिश : पाण्याखाली नेमके काय करावे?

प्रश्न

नमस्कार. अंदमानात हॅवलॉकजवळ, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाजवळ, डाइव्ह करत असताना एक मोठा मासा आमच्या गटातील एका सहकाऱ्यावर पुन्हापुन्हा धावून आला आणि त्याने फिनच्या (पोहताना पायात घालायच्या रुंद पात्याच्या) कडेचा तुकडा तोडला. तो टायटन ट्रिगरफिश होता, असे इन्स्ट्रक्टरने बोटीवर आल्यावर सांगितले. सहकारी घाबरून वर जाऊ लागला होता, पण इन्स्ट्रक्टरने त्याला धरून आडवे बाजूला नेले. पुढच्या वेळी माझी मुलगीही सोबत असणार आहे, म्हणून विचारते. मासा हल्ला करणार हे आधी ओळखता येते का, आणि वर जाण्यात नेमका धोका कोणता? क्लाउनफिश आणि मोरे ईल (सापासारखा लांबट मासा) हेही चावतात असे ऐकले आहे.

प्रतिसाद १

इन्स्ट्रक्टरने केले ते अगदी योग्य होते. टायटन ट्रिगरफिश सुमारे ७५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. सी अर्चिन (काटेरी गोल समुद्री जीव), खेकडे आणि शिंपले फोडून खाण्यासाठी असलेले त्याचे दात वेटसूट, म्हणजे डाइव्हरचा जाड रबरी पोशाख, भेदून खोल जखम करू शकतात. एरवी मात्र तो माणसाच्या वाटेला जात नाही. वाळूत किंवा प्रवाळाच्या तुकड्यांत केलेल्या खळग्यात अंडी असतात, तेव्हाच तो आक्रमक होतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाला अंडी खायला आलेला शत्रू समजतो.

तो ज्या जागेचे रक्षण करतो, ती घरट्यापासून पृष्ठभागाकडे रुंद होत जाणाऱ्या उलट्या शंकूसारखी असते. त्यामुळे सरळ वर जाणारा माणूस त्याच्या हद्दीतून बाहेर न पडता हद्दीतच वर सरकत राहतो आणि मासा त्याचा पाठलाग सोडत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की घाबरून श्वास रोखून वेगाने वर गेल्यास फुप्फुसांतील हवा प्रसरण पावून ती फाटू शकतात आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन डीकम्प्रेशनचा आजारही होऊ शकतो. माशाचा चावा टाके घालून बरा होतो, पण या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात, हे मुलीला पाण्यात उतरण्यापूर्वीच नीट समजावून सांगा.

इशारा बहुधा आधी मिळतो. पाठीवरचा पहिला काटा ताठ उभा राहतो आणि मासा अंग कलते करून डोळा तुमच्यावर रोखतो. हे दिसताच त्याच्याकडे तोंड करून, फिन त्याच्या आणि स्वतःच्या मध्ये ठेवून, तळाला समांतर मागे सरकत जावे आणि श्वास चालू ठेवावा. चावायचेच झाले तर त्याने फिनला चावावे, हातापायाला नव्हे.

प्रतिसाद २

क्लाउनफिशविषयी एवढेच सांगतो, की तो बोटभर मासा आपल्या समुद्रफुलाजवळ (ज्याच्या आधाराने तो राहतो त्या सी अॅनिमोनीजवळ) आलेल्या हातावर धडका देतो, क्वचित चिमटा काढतो, पण त्याने माणसाला इजा होत नाही. समुद्रफुलाच्या तळाशी खडकावर चिकटवलेल्या अंड्यांची निगा मुख्यतः नर राखतो. छायाचित्रासाठी माणसे तिथे बराच वेळ थांबतात, तेव्हा त्रास त्या माशालाच होतो, म्हणून तेथून लवकर निघावे असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद ३

मोरे ईलचा सतत उघडझाप करणारा जबडा पाहून लोक घाबरतात, पण कल्ल्यांवरून पाणी खेळवण्यासाठी, म्हणजे श्वासोच्छ्वासासाठी, तो तसे करतो. त्याची नजर मंद आणि घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते. हाताने खाऊ घातलेल्या मोरेला अन्न आणि बोट यांतला फरक कळत नाही, आणि त्यातूनच बोटे तुटण्याचे प्रसंग घडले आहेत. त्याच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते आणि ती पुढे येऊन भक्ष्य आत ओढते, हे २००७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. कपारीत हात घालू नये आणि कोणत्याही माशाला खाऊ घालू नये. स्नॉर्केलिंगच्या ठिकाणी पर्यटकांच्या हौसेसाठी पाव टाकण्याची जी सवय पसरली आहे, ती मला अतिशय चुकीची वाटते.

चावा बसल्यास स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे, नेहमीच्या संथ गतीने वर यावे, जखम गोड्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे. लायनफिशचा काटा टोचल्यावर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवतात, कारण तिथे विष असते. ट्रिगरफिशच्या चाव्यात विष नसल्याने त्यासाठी तो उपाय लागत नाही.