मदत हवी आहे: पुतणी नऊ चालींत हरली, हा डाव तिच्यासोबत कसा तपासू?

नमस्कार मंडळी,

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. पुतणी आठवीत आहे. बुद्धिबळ ती पारावर म्हाताऱ्या मंडळींकडून शिकली, तेही देशी नियमांनी: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, त्यामुळे डाव सावकाश उघडतो. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून पोरीनं आंतरराष्ट्रीय नियम मनावर घेतलेत. परवा शालेय स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी खेळली. चाली तिनं नीट लिहून आणल्या, तो डाव असा (आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी, × म्हणजे मारलं, आणि मोहऱ्याचं नाव नसेल तिथं प्यादं):

१. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६ ४. घोडा जी५, डी५ ५. ई×डी५, घोडा×डी५ ६. घोडा×एफ७, राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह, राजा ई८ ८. उंट×डी५, घोडा डी४ ९. वजीर एफ७ मात.

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर डाव टाकला, तिथलं इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) फुकट आहे. त्यानं पाचवी, सातवी, आठवी अशा तिन्ही चाली चुकीच्या ठरवल्या. सातव्या चालीला राजा ई६ वर न्या म्हणते. पोरगी म्हणाली, "काका, राजा मैदानात नेऊ नको असं तुमीच तं सांगता. आन् हे मशीन त्याले मधातच नेऊन राहिलं."

याचं उत्तर मला देता आलं नाही. बरोबर चाल कोणती हे इंजिन सांगतं, पण तिनं पटाकडे बघताना काय बघायला हवं होतं ते कसं समजवायचं? जवळपास प्रशिक्षक नाही. पाचव्या चालीला घोडा×डी५ ऐवजी घोडा ए५ ही चाल पाठ करून घेऊ का? तेवढ्यानं भागेल असं मला वाटत नाही.

प्रतिसाद

भाऊ, पाठांतर नंतर. आधी इंजिन बंद करा, पट मांडा आणि सुरुवात आठव्या चालीपासून करा, पाचवीपासून नको.

उंट डी५ वर आला तिथं थांबा. तिला एवढंच विचारा, हा उंट आता कुठं कुठं बघतो? तिचं बोट ई६ वरून एफ७ वर गेलं की वजिराची वाट तिची तिलाच दिसेल. तिनं घोडा डी४ वर नेऊन वजिरावर मारा केला, म्हणजे स्वतःची धमकी तिला दिसली. पण तोच वजीर शह देत निघून जाऊ शकतो, हे तिनं तपासलं नाही. या वयात बहुतेक डाव इथंच जातात. उत्तर तिच्याच तोंडून येऊ द्या, तुम्ही सांगू नका. तिच्या मनात तेव्हा काय होतं, तेही त्याच कागदावर चालीशेजारी लिहायला लावा.

मग सातवी. डी५ वरच्या घोड्यावर उंट आणि वजीर दोघांचा मारा आहे, राखण एकट्या काळ्या वजिराची. उंटानं घोडा मारला आणि वजिरानं उंट मारला, तर पांढरा वजीर काळ्या वजिराला खातो. राजा ई६ वर गेला की घोड्याला दुसरी राखण मिळते, इंजिनचा हिशोब तोच आहे. म्हणून तुमचा नियम खोटा ठरत नाही. पण असा बचाव मोठ्यांनाही जड जातो, पोरीला त्यात अडकवू नका.

पाचवी शेवटी. घोडा ए५ नं उंटावर मारा होतो. पुढं ६. उंट बी५ शह, सी६ ७. डी×सी६, बी×सी६. एक प्यादं जातं, पण उंटाला पुन्हा पळावं लागतं आणि काळ्याची मोहरी भराभर बाहेर येतात. हे समजलं की तिला पांढऱ्या मोहऱ्या देऊन तिच्या डावातली घोडा×डी५ नंतरची तीच स्थिती तुमच्याशी खेळायला लावा. घोडा एफ७ वर स्वतः मारून बघितला की समोरून येणारा तोच मार तिला आधी दिसेल.

धागाकर्ता

खूप आभार. काल रात्री आठव्या चालीपासूनच बसलो. उंटाची तिरपी तिनं लगेच दाखवली आणि मग पाचव्या चालीवर स्वतःहून म्हणाली, "घोडा अन् उंट दोघंही एफ७ वरच बघून राहिले होते."

एक विचारायचं राहिलं. पारावरचे देशी डाव बंद करायला लावू का? गावात तिला समोरासमोर खेळायला मिळतं ते तिथंच, आणि ती म्हातारी मंडळी तिच्यावर जीव लावून शिकवतात, म्हणून माझं मन तर होत नाही. ज्यांची पोरं दोन्ही नियमांनी खेळतात त्यांनी सांगा, पोरांची गल्लत होते का?