'दहा वर्षांपासून घोरतो' या एका ओळीमुळे विमादावा नामंजूर: मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. लातूरला आमचे छातीविकारांचे लहानसे रुग्णालय असून तेथे दोन खाटांची स्लीप लॅब (झोपेतील श्वासाची रात्रभर तपासणी करणारी खोली) आहे. रुग्ण माझे पती तपासतात, टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेची) कागदपत्रे मी पाहते. उदगीर-निलंग्याकडून आलेला रुग्ण आधी विचारतो, "ताई, घोरण्याच्या टेस्टला कॅशलेस हाय का?"

नुसत्या चाचणीपुरते उत्तर सोपे आहे. रुग्ण रात्री नऊला येऊन, अंगभर तारा लावून झोपतो आणि सकाळी सहाला जातो, त्यामुळे दाव्यासाठी लागणारे दाखल राहण्याचे चोवीस तास भरत नाहीत; शिवाय केवळ तपासणीसाठी दाखल होण्याचा खर्च पॉलिसीत वगळलेलाच असतो. (त्याच वगळणुकींच्या यादीत लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेसाठी मात्र तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याचा आजार, हे ग्राह्य कारण धरले आहे, तो तीव्र असल्याचे चाचणीविना कसे ठरवावे, हे देव जाणे.) त्यावरच्या सीपॅप यंत्राचे (झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या) बिलही बहुधा नाकारले जाते, त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण वेगळीच आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्याने गुंगीत आलेला एक ट्रकचालक चार दिवस बायपॅपवर (मुखवट्यातून श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावर) होता. नंतरच्या चाचणीत त्याचा श्वास तासाला सरासरी ४२ वेळा अडत वा मंदावत असल्याचे दिसले. ३० च्या वर स्लीप अ‍ॅप्निया तीव्र मानतात. दाखल करताना त्याच्या पत्नीने सांगितले तसे आमच्या कनिष्ठ डॉक्टरांनी केसपेपरवर 'दहा वर्षांपासून घोरतो' असे लिहिले, आणि पॉलिसी तीन वर्षांचीच असल्याने 'पूर्वीचा आजार लपवला' म्हणून दावा फेटाळला गेला. वास्तविक विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसीपूर्वीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, अथवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार घेतला असा आजारच पूर्वीचा ठरतो, आणि हा माणूस घोरण्यासाठी कधी दवाखान्याची पायरी चढलेला नाही.

ती ओळ यापुढे लिहूच नका, असे एका परिचितांनी सुचवले. ते आम्हाला मान्य नाही, कारण निदान त्याच माहितीवर उभे असते. म्हणून विचारते: लक्षण केव्हापासून आणि निदान केव्हा, हे केसपेपरवर व डिस्चार्ज कार्डावर स्वतंत्रपणे कोणत्या शब्दांत नोंदवावे? कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आमचे पत्र गेले आहे. तेथे दाद न लागल्यास रुग्णाने पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाताना डॉक्टरांच्या पत्रासोबत आणखी कोणते कागद जोडावेत?