साडेसहा इंची वूफर: कागदी कोन, पॉलीचा की ॲल्युमिनियमचा?

खाडीकाठ
मंडळी, टू-वे बुकशेल्फ स्पीकर (खालचे सूर वूफर वाजवतो, वरचे ट्वीटर) बांधायला घेतलाय. १८ एमएम प्लाय कापून झाला, सिल्क डोमचा ट्वीटर घरात पडून आहे. गाडी अडलीय वूफरवर. एसबी अकूस्टिक्सच्या साडेसहा इंचीत कागदी, पॉलीप्रॉपिलीन आणि ॲल्युमिनियम असे तिन्ही कोन मिळतात. ऐकणं मुख्यतः नाट्यसंगीत आणि ख्याल. यूट्यूबवर एक म्हणतो कागद ‘गोड’, दुसरा म्हणतो धातू ‘स्वच्छ’. मी रत्नागिरीत, समुद्र जवळच. पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, तिथे कागद टिकेल? क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर-ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट, आजवर केलेला नाही.

पेठेतला
कागदी घ्या. आणि ते ‘गोड’, ‘स्वच्छ’ डोक्यातून काढून तिन्हींचे आलेख (कुठल्या सुराला किती आवाज निघतो ते) शेजारी शेजारी ठेवा.

खालच्या सुरांना कोन अख्खा एकसंध पुढे-मागे होतो. वर कुठेतरी तो फुटतो, म्हणजे कडा एकीकडे आणि मधला भाग दुसरीकडे हलू लागतो. हे कुठे सुरू होणार आणि किती जोरात होणार, ते बरंचसं कोन कशाचा आहे त्यावर ठरतं. ॲल्युमिनियम कडक, त्यामुळे बराच वर जाईपर्यंत शिस्तीत राहतो. मग ५ किलोहर्ट्झच्या पुढेमागे घंटेसारखा वाजतो आणि आलेखात सुळका उभा राहतो. कागद आधी फुटतो, पण त्याचे तंतू बरीच ऊर्जा गिळतात, म्हणून आलेख हळूहळू उतरतो.

‘२ किलोहर्ट्झला कापलं, वरचे सूर ट्वीटरला दिले, की सुळक्याशी काय देणंघेणं’ असं बरेच जण म्हणतात. देणंघेणं आहे. समजा सुळका ५४०० हर्ट्झवर आहे. वूफर १८०० वाजवत असताना मोटरच्या (कोन हलवणाऱ्या चुंबक-कॉइलच्या) दोषामुळे तिप्पट कंपनाचा, म्हणजे ५४०० चा, बारीकसा आवाज आपोआप निघतो आणि तो बरोबर सुळक्यावर चढून मोठा होतो. क्रॉसओव्हर बाहेरून येणारा सिग्नल कापतो, हा तर ड्रायव्हरच्या, म्हणजे वूफरच्याच, पोटात जन्मलेला. हार्मोनियममध्ये वरचे स्वरांश भरपूर, तिथे ही किरकिर कानाला लगेच कळते. मोटर चांगली असली की हे कमी होतं, पण तिचे पैसे पडतात. पहिल्याच क्रॉसओव्हरमध्ये सुळका छाटणारा नॉच फिल्टर बसवायची हौस असेल तर खुशाल धातू घ्या.

दमट हवेचं म्हणाल, तर हल्लीच्या बहुतेक कागदी कोनांवर लेप असतो. लेप नसलेला कोन ओल धरून थोडा जड होईल, एवढंच. कोकणात मरतो तो फोमचा सराउंड, म्हणजे कोनाभोवतीची लवचिक कडा. बोट लावलं की काळा चिकट भुगा हाताला येतो. तेव्हा सराउंड रबराचाच बघा, आणि जमलं तर फ्रेम ओतीव ॲल्युमिनियमची, पत्र्याची नको. खारी हवा पत्रा खाते.

तबलजी ठाणेकर
पॉलीला एका ओळीतही जागा नाही? बीबीसीवाल्यांनी तर त्याच्यावरच भर दिला होता ना?

पेठेतला
खरंय, राहून गेलं. १९७० च्या दशकात बीबीसीच्या एलएस३/५ए स्पीकरमध्ये केईएफ कंपनीचा बी११० वूफर होता, कोन बेक्सट्रीन या प्लास्टिकचा. त्यावर वरून लेप द्यावा लागे आणि संवेदनशीलता (ठरावीक पॉवरला निघणारा आवाज) ८३ डेसिबलच्या आसपास अडकायची. बीबीसीतल्या हारवूड यांनी पुढे पॉलीप्रॉपिलीन आणलं. ते मुळातच आवाज जिरवतं, लेप लागत नाही. त्याच जोरावर १९७७ मध्ये हार्बेथ ही स्पीकर कंपनी निघाली. ओलीचं त्याला काहीच वाटत नाही, म्हणजे तुमच्यासाठी दुसरा नंबर त्याचाच.

मग कागद का? दुरुस्तीसाठी. पॉलीला साधा गोंद धरत नाही, आधी प्रायमर लावावा लागतो. सराउंड सुटला की गल्लीतला रिकोनवाला (स्पीकरचे कोन दुरुस्त करणारा) हात वर करतो. कागदाला त्याच्याकडचा पांढरा गोंद चालतो. व्हॉइस कॉइल (कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी) मधोमध राहावी म्हणून तो जुन्या एक्सरे फिल्मच्या पट्ट्या आत सरकवतो, कडा चिकटवतो आणि गोंद वाळला की पट्ट्या ओढून काढतो. झालं काम.

खाडीकाठ
दादा, पटलं. पण केव्हलार, तो विणलेल्या कृत्रिम धाग्याचा? त्या पिवळ्या कोनाचं फार ऐकलंय.

पेठेतला
दिसायला झकास. बी अँड डब्ल्यू या स्पीकर कंपनीने १९७० च्या दशकापासून वापरला आणि २०१५ मध्ये वरच्या मालिकेतून स्वतःच काढला. विणीमुळे फुटणं थांबत नाही, विखुरतं. त्यांनी आपली पेटी आणि क्रॉसओव्हर त्याभोवती बेतले होते. आपण सुटा ड्रायव्हर उचलून रंगावर भाळायचं नाही.

अजून एक. साडेसहा इंचीचा हलणारा भाग साधारण १३ सेंटीमीटर. २६०० हर्ट्झला तरंगाची लांबीही तेवढीच, म्हणजे तोवर आवाज समोरच एकवटायला लागलेला असतो. कोन कशाचाही असो, कापायचं २००० च्या आसपासच. तेवढं खाली तुमचा ट्वीटर झेपवेल का, हा खरा प्रश्न. ट्वीटरचा मॉडेल नंबर आणि त्याचा रेझोनन्स (तो स्वतःहून घुमतो ती कंपनसंख्या) इथे टाका. तोवर वूफरची ऑर्डर देऊ नका.