मीटिंगमध्ये आवाज चढायच्या आधी शरीर काय सांगतं?

प्रश्न: टीममधल्या कुणाची चूक दाखवताना आवाज चढतो, समोरचा गप्प होतो. हे आधीच कसं ओळखायचं?

उत्तर: स्वतःचा जबडा बघा. दाढा एकमेकींवर दाबलेल्या असतील तर ताण चढलाय. ओठ मिटलेले, दाढा सुट्या, जीभ सैल ठेवा. मग ४ आकडे मोजत श्वास आत, ६ आकडे मोजत बाहेर, असं तीनदा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते.

उत्तर: वरचं बरोबर, पण ‘खोल श्वास’ म्हटलं की लोक खांदे उचलून छाती भरतात, मान आणखी आवळते. तळहात बेंबीवर ठेवा, श्वास घेताना तो पुढे सरकला पाहिजे.

उत्तर: दोन्ही टाचा जमिनीला टेकवा. प्रश्न विचारल्यावर एक श्वास पूर्ण सुटेपर्यंत थांबा. घाई इथेच होते, आणि समोरच्याचं उत्तर ओठांवरच राहतं.