नापोलेस, सांतो आणि ‘शोभा’: एका शेऱ्याला सविस्तर उत्तर

तिसरी घंटा:
कालच्या चर्चेत ‘कोपऱ्यातला’ यांनी जाता जाता एक वाक्य टाकले, की मुष्टियोद्धा होसे ‘मान्तेकिया’ नापोलेसने मेक्सिकोचा मुखवटेधारी पैलवान-नट सांतो याच्याबरोबर भूतपटात काम करून जगज्जेतेपदाची शोभा करून घेतली आणि तेथूनच त्याला उतरण लागली. हे वाक्य रात्रभर डोक्यातून गेले नाही, म्हणून लिहितो.

ज्याच्या हालचालींतला मऊपणा पाहून लोकांनी त्याचे नावच ‘मान्तेकिया’, म्हणजे ‘लोणी’, ठेवले, त्या माणसाने १८ एप्रिल १९६९ रोजी लॉस एंजेलिसलगतच्या इंगलवुडच्या फोरम क्रीडागृहात तेव्हाचा जगज्जेता कर्टिस कोक्स याला तेराव्या फेरीनंतर स्टुलावरून उठू दिले नाही, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एमिल ग्रिफिथसारख्या मुरलेल्या योद्ध्याला पंधरा फेऱ्या खेळवून गुणांवर हरवले. किताब हाती आला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. अशा माणसाने १९७४ साली पडद्यावर स्वतःच्याच नावाने येऊन मेक्सिकन लोककथेतल्या योरोना या भुताचा सामना केला, तर कोणाचे काय बिघडले? त्याने हॅम्लेट करण्याचा दावा केला नव्हता.

आता उतरणीविषयी. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी पॅरिसलगतच्या प्युतो येथे तंबूत झालेल्या लढतीत १६० पौंडांच्या गटाचा जगज्जेता कार्लोस मोन्सोन याने त्याला सहा फेऱ्यांत थांबवले, हे खरे आहे. परंतु नापोलेस १४७ पौंडांच्या गटातून १६० पौंडांच्या गटात चढला होता आणि समोर उंच, लांब हातांचा मोन्सोन होता. ती लढत भरवणारा अलँ दलाँ हा स्वतः सिनेनट, आणि मोन्सोन त्याच वर्षी ‘ला मारी’ या चित्रपटाचा नायक. कॅमेऱ्यापुढे उभे राहिल्याने मनगट ढिले पडत असते, तर मोन्सोन १९७७ साली किताबासह निवृत्त झाला नसता.

कोपऱ्यातला:
आपण माझ्या एका वाक्यावर एवढे श्रम घेतले याबद्दल आभार. मोन्सोनचे उदाहरण मात्र आपल्याच अंगावर येते. मोन्सोनने भूमिका केली. नापोलेसला एका पैलवानाचा जोडीदार म्हणून भुताच्या मागे पळवले. यातील पहिली गोष्ट अभिनयात मोडते, दुसरी तिकीटविक्रीत. शिवाय डिसेंबर १९७५ मध्ये मेक्सिको शहरात, म्हणजे घरच्या प्रेक्षकांसमोर, जॉन स्ट्रेसीने सहाव्या फेरीत त्याचा किताब नेला. तारखा पुरेशा बोलक्या आहेत.

तिसरी घंटा:
तारखा अर्ध्याच वाचल्या की त्या फारच बोलक्या होतात. मोन्सोन आणि स्ट्रेसी यांच्या मधल्या काळात नापोलेसने किताब चार वेळा राखला: ऑगस्ट १९७४ मध्ये हेजमन लुईस, डिसेंबरमध्ये ओरासियो साल्दान्यो, आणि १९७५ साली दोनदा आर्मांदो मुन्यीस. उतरणीला लागलेला माणूस असे करीत नाही.

कोपऱ्यातला:
मुन्यीसविरुद्धची पहिली, मेक्सिकोतल्याच अकापुल्कोची लढत आपण ‘राखला’ या शब्दात बसवलीत, हे वाचून करमणूक झाली. मार्च १९७५ मध्ये नापोलेसचा चेहरा इतका फाटला होता की बाराव्या फेरीत लढत थांबवावी लागली. मुन्यीसने डोके मारल्यामुळे त्या जखमा झाल्या असे ठरवून गुण मोजले गेले आणि विजय नापोलेसला मिळाला. याला आमच्या गावात राखणे म्हणत नाहीत, राखून देणे म्हणतात.

वाकडे नाक:
मी दोघांच्या मध्ये येतो, कारण हा विषय माझ्या डाव्या भुवईचा आहे. महाविद्यालयात असताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत मी गुणांवर पुढे होतो, आणि दुसऱ्या फेरीत भुवई फुटली. रक्त डोळ्यांत उतरल्यावर समोरचा माणूस दिसत नाही, त्याची सावली तेवढी दिसते. डोके लागले की ठोसा, हे मला स्वतःला कळले नव्हते, तर दोरांबाहेर बसलेल्यांना काय कळणार? पंचांनी लढत थांबवली आणि मी हरलो. सहा टाके पडले. नापोलेसच्या भुवयांची कातडी आयुष्यभर त्याची वैरी होती. डिसेंबर १९७० मध्ये बिली बॅकसने त्याचा किताब घेतला, तोही अशाच जखमांमुळे; पुढच्या जूनमध्ये नापोलेसने आठव्या फेरीत हिशेब चुकता केला. तेव्हा अभिनय, तिकीटविक्री आणि योरोना बाजूला ठेवा. कारकीर्द कातडीने खाल्ली.

कोपऱ्यातला:
भुवईबद्दल सहानुभूती आहे. पण बॅकसच्या वेळी जखमेने किताब गेला आणि अकापुल्कोत जखमेनेच वाचला, यात मेक्सिकोच्या भूमीचा काही हात असावा, एवढी शंका घेण्याची मुभा असू द्या. गंमत अशी की ज्याला घरचा म्हणून सांभाळले, तो मुळात मेक्सिकन नव्हताच. जन्म सान्तियागो दे कूबाचा. कूबाने व्यावसायिक मुष्टियुद्ध बंद केले नसते, तर तो मेक्सिकोकडे फिरकलाही नसता. त्याला मेक्सिकोच्या थोर योद्ध्यांच्या पंक्तीत बसवणे हीच मूळ चूक आहे.

लॉस एंजेलिसकर:
आतापर्यंत गप्प होतो, पण या वाक्यानंतर राहवत नाही. मला या शहरात सव्वीस वर्षे झाली. सुरुवातीला ज्या छापखान्यात काम करीत होतो, तेथील एक मेक्सिकन सहकारी दुपारच्या डब्याबरोबर नापोलेसच्या गोष्टी वाढीत असे. फोरममधल्या लढतींना तो भावंडांसह जात असे आणि ‘आमचा मान्तेकिया’ म्हणताना त्याच्या मनात जन्मदाखला येत नसे. कोण कोणाचा, हे तुम्ही घरी बसून ठरवणार आणि आम्ही ते ऐकून घेणार, हा उद्योग मला नवा नाही. गावी गेलो की मलाही तुम्ही लोक ‘आता तो तिकडचा’ म्हणताच.

आणि जन्मावरच जायचे असेल, तर आपल्या मुन्यीसचा जन्म मेक्सिकोतील चिवावाचा आहे. १९६८ साली मेक्सिको शहरातच झालेल्या ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेकडून उतरला होता. म्हणजे आपल्या हिशेबाने अकापुल्कोत घरचा कोण आणि पाहुणा कोण?

कोपऱ्यातला:
मुद्दा चपखल आहे, हे मान्य करणे मला जड जात आहे. तरी ‘तुम्ही लोक’ हा शब्दप्रयोग अनावश्यक होता. मी आपल्याला कधी ‘तिकडचा’ म्हटलेले नाही. आपली ओळखही नाही.

लॉस एंजेलिसकर:
‘तुम्ही लोक’ मागे घेतो, बाकीचे नाही. सांतोविषयीही एक सांगायचे राहिले. तो पुरला गेला तोही मुखवट्यासह. अशा माणसाच्या शेजारी, स्वतःच्या नावासकट, चित्रपटाच्या शीर्षकात जागा मिळणे ही तेथील प्रेक्षकाच्या लेखी शोभा नव्हे, मान आहे. माझा तो सहकारी कोक्सची लढत आणि योरोनाची हाणामारी एकाच दमात सांगत असे.

तिसरी घंटा:
मूळ प्रश्न चित्रपटाचा होता, याची आठवण करून देतो. नंतरच्या काळात सिउदाद ह्वारेसमध्ये पोरांना मुष्टियुद्ध शिकवणाऱ्या आणि पैशाची ओढाताण सोसणाऱ्या नापोलेसला त्या चित्रपटाने श्रीमंत केले नाही, लहानही केले नाही. १९९० साली मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय गौरवदालनाच्या पहिल्याच तुकडीत त्याचे नाव होते. निवडणाऱ्यांना योरोना आडवी आली नाही.

वाकडे नाक:
चित्रपट कोणी पाहिला आहे का, एवढेच विचारतो.

कोपऱ्यातला:
प्रामाणिकपणे सांगायचे तर मी त्यातील वीसेक मिनिटेच पाहिली आहेत. येत्या रविवारी पूर्ण पाहीन. चित्रपटामुळे उतरण लागली हे विधान तोवर मागे घेतो; अकापुल्कोबाबत एक शब्दही मागे घेणार नाही. योरोनाने डोके मारून त्याची भुवई फोडलेली दिसली, तर गुण कोणाला द्यायचे ते ‘वाकडे नाक’ यांनी आधीच कळवून ठेवावे.