मदत हवी आहे: दुसऱ्यांदा एलपीएस दिल्यावर मॅक्रोफेज गप्प, दोष क्रोमॅटिनचा की सिग्नलिंगचा?

नमस्कार मंडळी, पीएचडी करतेय, विषय एंडोटॉक्सिन टॉलरन्स, म्हणजे एलपीएस (जीवाणूंच्या आवरणातला रेणू, यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात) दुसऱ्यांदा मिळालं की पेशी फारसा प्रतिसाद देत नाहीत ते. क्रोमॅटिन म्हणजे डीएनए आणि तो ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रोटीन्स. एपिजेनेटिक्सवाले (डीएनए न बदलता जीन्स चालू-बंद कसे होतात ते बघणारे) कोणी असाल तर प्लीज शेवटपर्यंत वाचा, थोडं लांबलंय.

उंदराच्या बोन मॅरोपासून वाढवलेले मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) आहेत. पहिल्यांदा एलपीएस दिलं की टीएनएफ आणि आयएल-६ (दाह पेटवणारी सायटोकाइन्स, म्हणजे पेशींची निरोप देणारी प्रोटीन्स) धो धो येतात, मग रात्रभर ठेवून, धुऊन, जरा वेळ देऊन परत एलपीएस दिलं की दोन्ही जवळपास शून्य. इथपर्यंत अपेक्षितच होतं. पण त्याच प्लेटमधल्या आरएनएवर एफपीआर१ (जंतूंचा माग काढणारा रिसेप्टर) आणि कॅथेलिसिडिन (जंतू मारणारं प्रोटीन) यांचे जीन्स बघितले तर ते दुसऱ्या वेळी उलट जास्तच वर गेलेत! पेशी मेलेल्या नाहीत, तेही तपासलं.

लॅबमध्ये एक जण म्हणतो टीएलआर४ (एलपीएस ओळखणारा रिसेप्टर) च कमी झाला असेल, आयरॅक-एम (त्याचा सिग्नल अडवणारं प्रोटीन) वाढला असेल, उगाच क्रोमॅटिनच्या मागे लागू नकोस. पण सिग्नलच आत पोचत नसेल तर सगळेच जीन्स बसायला हवेत ना? फॉस्टर, हार्ग्रीव्ह्स आणि मेडझिटॉव्ह यांचा २००७ चा पेपर हेच सांगतो, की काही जीन्स दबतात आणि जंतू मारणारे काही चालूच राहतात, कारण दबणाऱ्यांच्या प्रमोटरवर (जीन जिथून चालू होतो त्या भागावर) एच३के४एमई३ ही हिस्टोनवरची चालू जीनची खूण टिकत नाही आणि ॲसिटिलेशन (हिस्टोनवरची आणखी एक चालू खूण) परत येत नाही.

मला खरं अडलंय ते इथे. दुसऱ्या डोसनंतर टीएनएफच्या प्रमोटरवर एच३के२७एसी (ॲसिटिलेशनची एक खूण) कमी दिसलं, तर त्यामुळे जीन बंद आहे, की जीन बंद आहे म्हणून ॲसिटिलेशन नाही? हे वेगळं कसं करायचं? एचडीएसी इनहिबिटर (ॲसिटिलेशन काढणाऱ्या एन्झाइमना रोखणारं औषध) देऊन टीएनएफ परत येतो का बघावं असा विचार आहे.

प्रतिसाद १
चिपच्या (डीएनएवर कुठे कोणती हिस्टोन खूण आहे ते मोजण्याच्या) आधी दोन स्वस्तातल्या गोष्टी कर. एक, दुसऱ्या डोसनंतर पंधरा-तीस मिनिटांत आयकेबी-अल्फा (पी६५ला अडवून ठेवणारं प्रोटीन) तुटतो का ते वेस्टर्नवर (प्रोटीन मोजायच्या चाचणीवर) बघ आणि पी६५ (एलपीएसच्या सिग्नलने जीन्स चालू करणारं प्रोटीन) न्यूक्लियसमध्ये जातो का तेही, म्हणजे लॅबमधल्या शंकेचा निकाल लागेल. दोन, टीएनएफसाठी इंट्रॉनवर (आरएनएतून नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यावर) बसणारे प्रायमर घे. टीएनएफचा एमआरएनए टीटीपी सारखी प्रोटीन्स पटापट तोडतात, त्यामुळे एलायझा (प्रोटीन मोजणारी चाचणी) आणि नेहमीच्या क्यूपीसीआरवरून (आरएनए मोजणारी) ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे जीनवरून आरएनए बनणं, थांबलंय असं म्हणताच येत नाही, न कापलेला प्री-एमआरएनए मोजलास तरच कळेल. आणि वेळ सांभाळ, टीएनएफचा आरएनए तासाभरात टोकाला जातो, चार तासांनी गेलीस तर चुकीचीच गोष्ट दिसेल.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. एचडीएसी इनहिबिटरवर मात्र भिस्त ठेवू नकोस, ट्रायकोस्टॅटिन ए (असंच एक इनहिबिटर) ताज्या मॅक्रोफेजमध्येसुद्धा बरीच सायटोकाइन्स दाबतं, त्यामुळे टीएनएफ परत नाही आला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

कारण की परिणाम, याचं उत्तर दुसऱ्या डोसनंतर शोधू नकोस, त्याच्या आधी शोध. डोस द्यायच्या अगदी आधीच्या क्षणी एच३के४एमई३, एच३के४एमई१ (एन्हान्सरवरची खूण), एच३के२७एसी आणि एटॅक-सीक (क्रोमॅटिन कुठे उघडं आहे ते दाखवणारी चाचणी) कर, आणि हे आधी कधीच एलपीएस न दिलेल्या पेशींशी ताडून बघ. तेव्हा दुसरा सिग्नल आलेलाच नसतो, त्यामुळे जो फरक दिसेल तो पहिल्या डोसने मागे ठेवलेला. ओस्तुनी वगैरेंनी २०१३ मध्ये दाखवलेले लेटंट एन्हान्सर (जीनला जोर देणारे, पण उत्तेजनेआधी खूण नसलेले डीएनएचे भाग) असेच सापडले, उत्तेजना संपली की ॲसिटिलेशन जातं पण एच३के४एमई१ बऱ्याच जागी राहतं आणि पुढच्या वेळी तिथून जीन लवकर उठतो. तुझा एफपीआर१ त्यातलाच आहे का ते मला जाम बघायचंय.

अजून एक, बीटा-ग्लुकन (बुरशीच्या पेशीभित्तीतली शर्करा). २०१६ च्या नोवाकोविच वगैरेंच्या कामात एलपीएसने सुस्तावलेल्या मानवी मोनोसाइट्सची ॲसिटिलेशनची बरीच खूण बीटा-ग्लुकनने परत आली आणि टीएनएफ, आयएल-६ सुद्धा. औषधाने जबरदस्ती करण्यापेक्षा हे चांगलं. पण तुझे मॅक्रोफेज उंदराचे, त्यामुळे वेळा स्वतः बसवाव्या लागतील.

धागाकर्ती
मनापासून आभार दोघांचे! डोसच्या आधीचा क्षण मोजायचं डोक्यातच नव्हतं, मी नंतरचंच बघत बसले होते. इंट्रॉन प्रायमर आजच डिझाइन करते. फक्त एक, एटॅकला पेशी किती लागतील? धुतल्यावर फार उरत नाहीत.

प्रतिसाद २
पन्नास हजार पुरतात. चिपला मात्र लाखांत लागतात, तेव्हा आधी एटॅक उरक आणि बीटा-ग्लुकनमध्ये एलपीएस मिसळलेलं नाही ना याची पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला निकामी करणारं औषध) घालून खात्री कर, नाहीतर सगळंच परत करावं लागेल.